गुणाकार आणि भागाकार

परत आल्यानंतरचं पहिलं वर्षभर आम्ही दोघं दुकानात ओठ हलवत उभे राहायचो. हातात वस्तू, नजर किमतीच्या चिठ्ठीवर आणि मनात भागाकार. इकडच्या आकड्याला तिकडच्या चलनाच्या दराने भागायचं, उत्तर आलं की मान हलवायची आणि वस्तू टोपलीत टाकायची. "म्हणजे काहीच नाही की!" हे वाक्य त्या वर्षात घरात किती वेळा बोललं गेलं, त्याला मोजमाप नाही. नवऱ्याचे ओठ तर इतके स्पष्ट हलायचे की पलीकडच्या रांगेतूनही मला तो कितीने भागतोय ते कळायचं.

९ वर्षं परदेशात काढून आम्ही परतलो तेव्हा मुलगी ११ वर्षांची होती आणि मुलगा ६. हिशेब मनाशी पक्का होता. इकडे राहणं स्वस्त, त्यामुळे पगार कमी झाला तरी शिल्लक तेवढीच पडेल, कदाचित जास्तच. १४ महिन्यांनी एका रात्री मुलं झोपल्यावर बँकेचे सगळे उतारे पुढ्यात घेऊन बसलो, तर तिकडून आणलेल्या पुंजीचा चौथा हिस्सा गेलेला. उधळपट्टी म्हणावी असं आम्ही काहीच केलं नव्हतं. मोठी गाडी घेतली नव्हती, कुठे लांब फिरायला गेलो नव्हतो. पैसा कुठे गेला, असं विचारलं असतं तर दोघांनाही बोट ठेवता आलं नसतं. ती रात्र मला अजून लख्ख आठवते, कारण नवरा हळू आवाजात म्हणाला, "आपण परत येऊन चूक तर नाही ना केली?" आणि मला पटकन "नाही" म्हणता आलं नाही.

पुढची दोन वर्षं आम्ही त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात घालवली. ते उत्तर शेवटी बरंचसं घरखर्चाच्या वहीतच सापडलं.

पहिली गळती सामानातच होती. आम्ही ४१ खोकी आणली. जहाजाने जाणाऱ्या घरसामानाचा दर बहुधा वजनावर ठरत नाही, ते किती जागा अडवतं यावर ठरतो. २० फुटी कंटेनरच्या पोटात सुमारे ३३ घनमीटर जागा असते. त्यातली आपण किती व्यापणार, त्याचे पैसे. हे कळल्यावर माणसाने पुस्तकं आणावीत आणि खुर्च्या सोडाव्यात, कारण खुर्चीच्या चार पायांमधल्या हवेचंही भाडं पडतं. आम्ही खुर्च्या आणल्या. विजेची उपकरणं आणली. जगातले देश विजेच्या बाबतीत ढोबळमानाने दोन गटांत आहेत. काही ठिकाणी घरातली वीज १०० ते १२७ व्होल्टची, बाकी बहुतेक ठिकाणी २२० ते २४० व्होल्टची, शिवाय वारंवारिता कुठे ५० हर्ट्झ तर कुठे ६०. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत "१००-२४०" छापलेलं असतं, ते कुठेही चालतात. ज्यांच्यात तापणारी तार किंवा मोटर आहे ती उपकरणं बहुधा त्या त्या गटापुरतीच. आमची सहा उपकरणं दुसऱ्या गटातली निघाली. मग त्यांच्यासाठी ट्रान्सफॉर्मर घेतला. तो जड, गुणगुणणारा, स्वतः गरम होणारा ठोकळा स्वयंपाकघरात वर्षभर होता. सहातली चार उपकरणं शेवटी भंगारात गेली आणि त्यांच्याच कामाची नवी चार आली. म्हणजे एकाच कामाचे पैसे आम्ही तीनदा मोजले, आणण्याचे, चालवून पाहण्याचे आणि पुन्हा घेण्याचे.

ही गळती निदान डोळ्यांना दिसली. पुढची दिसत नव्हती, कारण तिच्यावर आम्ही एक शब्द पांघरला होता. "एकदाच."

घराची अनामत एकदाच. पडदे एकदाच. शाळेची प्रवेश फी, गणवेश, बस एकदाच. पाण्याची टाकी दुरुस्त करणं एकदाच. मुलाला इकडची लिपी नीट येईना म्हणून सहा महिन्यांची शिकवणी, तीही एकदाच. प्रत्येक वेळी आम्ही तो खर्च महिन्याच्या हिशेबातून बाहेर काढून बाजूला ठेवायचो. हा काही नेहमीचा नाही, याला मोजायचं कशाला? नंतर उतारे तपासताना लक्षात आलं की १४ महिन्यांतला एकही महिना "एकदाच"शिवाय गेलेला नव्हता. वस्तू दर वेळी वेगळी होती, खर्च मात्र नेमाने येत होता. त्या चौथ्या हिश्श्यातला सर्वांत मोठा वाटा या शब्दाने खाल्ला होता. आता आम्ही वर्षभराच्या "एकदाच"ची बेरीज करून तिला १२ ने भागतो आणि तो आकडा घरभाड्याइतकाच ठरलेला खर्च मानतो. ज्यांचं परतायचं ठरतंय त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की विमानाच्या तिकिटाआधी हा आकडा काढा. तुम्हाला वाटेल त्याहून तो मोठा निघेल आणि तो पहिल्या तीन महिन्यांत संपणार नाही.

हे "एकदाच" भागवायला पैसा कुठून यायचा? "तिकडच्या पैशांतून." हाही आमचाच शब्दप्रयोग. इकडचा पगार जपून वापरायचा, तो कष्टाचा. तिकडची पुंजी म्हणजे जणू वरून आलेली. तीही आमच्याच ९ वर्षांच्या कष्टांची होती, थंडीतल्या पहाटेच्या बसची होती, हे मन विसरलं होतं. रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी मांडलेल्या गोष्टींपैकी एक नेमकी हीच. माणूस मनात पैशाचे कप्पे करतो, आणि पैसा सगळा सारखाच असला तरी एका कप्प्यातला चटकन खर्चतो, दुसऱ्यातल्याला हात लावत नाही. आम्ही कप्पे केले होते, पण उलटे. जो पैसा पुन्हा कधी मिळणार नव्हता त्याच्यावर "खर्चायचा" अशी चिठ्ठी लावली होती.

भागाकाराकडे मात्र आमचं लक्ष गेलं ते मुलीमुळे. एका संध्याकाळी तिच्यासाठी अभ्यासाचं टेबल बघत होतो. दोन टेबलं होती, एक साधं, दुसरं दुप्पट किमतीचं. नवऱ्याने ओठ हलवले, भागलं आणि दुसऱ्याकडे बोट केलं. मुलगी म्हणाली, "बाबा, तिकडे तुम्ही गुणायचात."

आम्हाला कळेना. तिने सांगितलं, "तिकडे काही घ्यायचं असलं की तुम्ही आणि आई त्याची किंमत इकडच्या पैशांत गुणून बघायचात आणि म्हणायचात, बाप रे, एवढे! आणि घ्यायचा नाहीत. इकडे आल्यावर भागता आणि म्हणता, काहीच नाही. आणि घेता."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला दिसलं ते तिने सांगितलं. मी तिथल्याच एका खुर्चीवर बसले. पहिली चार-पाच वर्षं आम्ही तिकडे खरंच प्रत्येक गोष्ट गुणत होतो. कॉफीचा एक पेला घ्यायचा तरी मनात इकडचा आकडा उभा राहायचा आणि हात मागे यायचा. आमची पुंजी त्या गुणाकाराने साठली होती आणि आता भागाकाराने वितळत होती. ९ वर्षांत आम्ही जिथे राहत होतो तिथल्या पैशात विचार कधी केलाच नव्हता. तिकडे असताना मन इकडे आणि इकडे आल्यावर मन तिकडे.

घरी येऊन मी वाचायला लागले. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव या दोन अभ्यासकांचा २००२ सालचा एक शोधनिबंध यावरच आहे. परक्या चलनातला आकडा आपल्या सवयीच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर माणूस हात आखडता घेतो आणि लहान असेल तर हात सैल सुटतो, असं त्यांना दिसलं. दर ठाऊक असतो, हिशेबही येत असतो, तरी डोळ्यांसमोरच्या आकड्याचा ठसा पुरता पुसला जात नाही. आम्ही तर तो लहान आकडा स्वतःच्या हाताने तयार करत होतो आणि मग त्याच्या आधाराने खरेदी करत होतो.

शिवाय तो भागाकार अर्थाच्या दृष्टीनेही चुकीचा होता. चलनाचा दर एक गोष्ट सांगतो आणि त्या पैशात जगणं किती परवडतं ही गोष्ट वेगळीच. गुस्टाव्ह कासेल या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने १९१८ साली या दुसऱ्या गोष्टीला क्रयशक्तीची समता असं नाव दिलं, आणि १९६४ साली बेला बलासा आणि पॉल सॅम्युएल्सन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की जिथे उत्पादकता आणि मजुरी कमी तिथे सेवा स्वस्त असतात. केस कापणं, शिकवणी, घरदुरुस्ती या गोष्टी जहाजात घालून दुसऱ्या देशात नेता येत नाहीत, म्हणून त्यांच्या किमती देशोदेशी सारख्या होत नाहीत. त्यामुळे परतलेल्या माणसाला अशा प्रत्येक सेवेची किंमत भागून पाहिली की ती फुकटात पडल्यासारखी वाटते. पण ज्या कमी मजुरीमुळे ती स्वस्त आहे, त्याच बाजारात आता त्याचा स्वतःचा पगारही ठरतो, हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात येत नाही. आमच्या आलं नाही.

मग आम्ही दुसरा भागाकार शोधला. दोघांचे हातात येणारे पगार एकत्र केले आणि महिन्यातल्या कामाच्या दिवसांनी भागले. जे आलं त्याचं नाव "एक दिवस". आपण दोघांनी एक अख्खा दिवस काम केलं की एवढं मिळतं. मुलाचे बूट म्हणजे अर्धा दिवस. ते दुप्पट किमतीचं टेबल साडेतीन दिवसांचं, साधं पावणेदोनचं. विजेचं बिल दीड दिवस, पावसाळ्यात सव्वा. पहिल्यांदा घरभाड्याचे दिवस मोजले तेव्हा आम्ही दोघं गप्प झालो, आणि पुढच्या वर्षी करार संपताच एक खोली कमी असलेल्या घरात गेलो. तिकडच्या चलनात ते भाडं नेहमीच "काहीच नाही" होतं. दिवसांत मोजल्यावर कळलं की महिन्याचे नऊ दिवस आम्ही पाहुण्यांच्या खोलीसकट एका घरासाठी राबतोय आणि त्या खोलीत वर्षातून दोनदा कुणी झोपतंय.

हे एवढं सोपं होतं तर आधी का सुचलं नाही? मला वाटतं, त्यासाठी एक गोष्ट मान्य करावी लागते, ती म्हणजे आपली कमाई आता एवढीच आहे. जेम्स ड्यूझेनबेरी या अर्थतज्ज्ञाने १९४९ साली म्हटलं होतं की माणसाचा खर्च आजच्या कमाईवरच अवलंबून नसतो, आजवरच्या सगळ्यात जास्त कमाईची त्याला सवय लागलेली असते. कमाई वाढते तसा खर्च वर चढतो, कमाई घटली की तेवढाच खाली उतरत नाही; दातेरी चाक एकाच दिशेने फिरावं तसं. आजूबाजूचे लोक कसे राहतात यावरही तो ठरतो, असंही त्याचं म्हणणं. परतलेल्या कुटुंबाला हे दोन्ही धक्के एकदम बसतात. पाठीमागे आपणच जगलेलं तिकडचं राहणीमान आणि पुढ्यात इकडच्या लोकांच्या आपल्याविषयीच्या समजुती. "तुम्ही बाहेरून आलात, तुम्हाला काय कमी?" हे कुणी वाईट हेतूने म्हणत नाही. पण भीड भिकेची बहीण. वर्गणी, भेटवस्तू, सगळ्यांच्या जेवणाचं बिल, कुणाला उसने, यांत आम्ही "नाही" म्हणायला शिकलो तेव्हा दोन वर्षं उलटली होती. "नाही"सुद्धा लगेच जमलं नाही. आधी "पुढच्या महिन्यात बघते" म्हणायला शिकले, मग "या वर्षी जमणार नाही." नाती तुटतील अशी भीती होती. एकही तुटलं नाही.

मुलांच्या बाबतीत आमचा हात सर्वांत सैल होता, आणि त्याचं कारण पैशाचं नव्हतं. १९६३ साली गलाहॉर्न या अभ्यासक दांपत्याने दाखवलं की परदेशात रुळताना जसा मनाचा उतार येतो, तसाच दुसरा उतार मायदेशी परतल्यावर येतो. पहिला सगळ्यांना अपेक्षित असतो, दुसऱ्याची कुणी तयारी करत नाही, कारण घरीच तर आलोय. आमची मुलं तर त्यांच्या दृष्टीने घरी आलीच नव्हती. घर सोडून आली होती. मुलगी शाळेतून आली की दार लावून बसायची. मुलगा झोपेत तिकडची भाषा बोलायचा. आम्हाला ते बघवायचं नाही आणि मग आम्ही काहीतरी आणायचो. खेळ, सायकल, नवा टॅब. तासभर चेहरे उजळायचे. एकदा मुलीने नवा खेळ हातात घेऊन विचारलं, "हा मी कुणाबरोबर खेळू?" त्या महिन्यापासून आम्ही वस्तू आणणं थांबवलं आणि दर शनिवारी तिच्या वर्गातल्या दोन-तीन मुलींना घरी बोलवायला लागलो. खर्च जवळपास शून्य. दार लावून बसणं तीन महिन्यांत थांबलं. वाचलेल्या पैशांपेक्षा मला याचं मोल जास्त वाटतं, तरी हेही खरं की पैसे वाचले.

आईचंही तसंच. ९ वर्षं तिच्यापासून दूर राहिल्याची रुखरुख मी वस्तूंनी भरून काढत होते. रक्तदाब मोजायचं यंत्र, पाय चेपायचं यंत्र, मोठ्या पडद्याचा फोन. सगळं तिच्या कपाटात वेष्टणासकट होतं. मी चिडले तर ती म्हणाली, "अगं, हे चालवायला मला तूच लागतेस. तू येतेस तेव्हा तर मी बरीच असते." पाय चेपायचं यंत्र आम्ही परत केलं. आता मी बुधवारी संध्याकाळी तिच्याकडे जाते, तिचा रक्तदाब मोजते आणि वहीत लिहून ठेवते.

एक चूक मात्र अशी की ती सांगताना अजून पोटात गोळा येतो. तिकडच्या नोकरीबरोबर तिकडचा आरोग्यविमा संपला आणि "जरा स्थिरावलो की बघू" म्हणत आम्ही नवा विमा सहा महिने घेतला नाही. आधीपासून असलेल्या आजारांसाठी अनेक विम्यांत प्रतीक्षाकाळ असतो. जितका उशीर तितका तो पुढे ढकलला जातो. त्या सहा महिन्यांत काही घडलं नाही, एवढंच. घडलं असतं तर हा लेख बचतीवर झाला नसता. परतल्यावर पहिला पैसा इथे जायला हवा, पडद्यांच्याही आधी. आणि सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम ज्या देशात राहतोय त्याच देशाच्या चलनात, हात लावायचा नाही अशा खात्यात.

वही आम्ही त्या टेबलाच्या संध्याकाळनंतर सुरू केली. मोबाइलवर हिशेब ठेवायची साधनं होती आणि ती वापरूनही पाहिली, पण तिथे खर्चाची आपोआप नोंद होते आणि म्हणूनच ती कुणी बघत नाही. हाताने लिहिताना आकडा बोटांतून जातो. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची अशी वही गृहिणींसाठी तयार केली. काकेइबो म्हणून ती पद्धत तिथे आजही चालते. महिना सुरू होतानाच किती वाचवायचं ते आधी लिहायचं आणि महिना संपल्यावर काय झालं ते ताडून पाहायचं, हा तिचा गाभा. आम्ही तेवढाच घेतला. पगाराच्या दिवशी ठरलेली रक्कम बाजूला आणि उरलेल्यात महिना. वहीचे रकाने मुलीने आखले, कारण तिची पट्टी सरळ चालते. पाच रकाने: घर, मुलं, आजी-आजोबा, एकदाच, तिकडे. रविवारी रात्री जेवणानंतर चौघं बसून वही वाचायची. मुलांपुढे पैशाचं बोलू नये, अशा घरात मी वाढले. त्यामागची माया मला कळते, पण आमच्या मुलांनी देश बदलण्याची किंमत मोजलेली होती. घराच्या खर्चाची किंमत त्यांना कळू न देणं मला बरं वाटेना.

आणि रविवारी वही वाचताना सगळ्यांत जास्त वेळ जायचा तो शेवटच्या रकान्यात.

"तिकडे." तिकडचं बँक खातं, ज्यात ठरावीक शिल्लक नसेल तर दर महिन्याला दंड. तिकडचा फोन नंबर, कारण बँकेचे सांकेतिक आकडे त्याच नंबरवर यायचे. मग नंबर कशाला? खात्यासाठी. आणि खातं कशाला? बरंचसं त्या नंबरचं बिल भरण्यासाठी. हे चक्र मुलाने बोटाने वहीवर गोल काढून दाखवलं तेव्हा आमच्या लक्षात आलं. माझ्या पेशाचा तिकडचा परवाना, त्याची दरवर्षीची फी. आणि शहराबाहेरच्या एका गोदामातली छोटी खोली, जिथे जहाजात न मावलेली सात खोकी होती, "परत गेलो तर लागतील" म्हणून.

हे सगळं बंद करायला आम्हाला आठ महिने लागले, कारण त्याला क्रम असतो. आधी घराची अनामत, पगाराची बाकी, करपरतावा असं जे जे येणं आहे ते येऊ द्यायचं. निवृत्तिवेतनात भरलेल्या वर्षांचं काय होतं ते विचारायचं. काही देशांचे आपसांत सामाजिक सुरक्षा करार असतात आणि तिकडची वर्षं इकडे मोजली जाऊ शकतात. जुने उतारे उतरवून घ्यायचे. मग खातं, आणि सगळ्यांत शेवटी नंबर. खातं विसरून चालत नाही हे आणखी एका कारणाने. अनेक देशांत वर्षातले १८३ दिवस राहिलं की माणूस करासाठी तिथला रहिवासी धरला जातो, आणि २०१४ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार २०१७ पासून सहभागी देश एकमेकांना खात्यांची माहिती आपोआप कळवतात. विसरलेलं खातं कर खात्याच्या नजरेतून सुटेलच असं नाही.

पैसे आणतानाही आम्ही बरेच घालवले होते. दर महिन्याला थोडे थोडे मागवायचो, प्रत्येक वेळी ठरलेलं शुल्क जायचं आणि त्याशिवाय दरात लपलेला फरक. स्थलांतरितांनी घरी पैसे पाठवण्याचा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणावा, असं संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत लिहिलेलं आहे, म्हणजे हा त्रास आमच्या एकट्याचा नव्हे. मोठी रक्कम आम्ही "दर चढेल" म्हणून अडवून धरली होती. नवरा रोज सकाळी उठून आधी दर बघायचा. तो चढला तर "अजून चढेल", उतरला तर "आता नको". शेवटी उरलेल्याचे चार सारखे भाग केले, चार तारखा वहीत लिहिल्या आणि त्या दिवशी जो दर असेल त्या दराने आणायचं ठरवलं. त्यात फायदा झाला की तोटा, ते मी मोजलेलं नाही. नवऱ्याची सकाळ मोकळी झाली.

गोदामातली खोली सर्वांत शेवटी उरली. तिच्याबद्दल बोलायला दोघांपैकी कुणीच तयार नव्हतं. एका रविवारी मुलीने रकान्याची बेरीज केली आणि सांगितलं, "या खोलीचे आत्तापर्यंत ३१ दिवस झाले." आमचे. आमच्या दोघांचे ३१ कामाचे दिवस. तिकडच्या एका मैत्रिणीला आम्ही खोली उघडायला सांगितली. तिने कॅमेरा लावून एकेक खोकं दाखवलं. एकात भांडी. दोनांत कागदपत्रं, ज्यांतली निम्मी आमच्याकडे होतीच. एकात दिवा, त्याची काच फुटलेली. आणि तीन खोक्यांत मुलांचे हिवाळी कोट, बूट, लोकरी टोप्या. निळा कोट मैत्रिणीने हातात धरून उंच केला. मुलगा पडद्यासमोर आला, त्याने कोट बघितला, मग स्वतःच्या हाताची लांबी बघितली.

"तो मला आता होणारच नाही," तो म्हणाला.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री उताऱ्यांसमोर बसून त्याने जो प्रश्न विचारला होता, तो आम्ही दोघांनीही पुन्हा कधी उच्चारला नव्हता. फक्त त्याचं भाडं भरत राहिलो होतो. आम्ही ठरवून आलो होतो, विमानाने आलो होतो, मुलांची नावं शाळेत घातली होती, पण एक खोली तिकडे उघडी ठेवली होती आणि एक पाय तिच्यात होता. मला वाटतं, "काहीच नाही" म्हणत केलेली निम्मी खरेदीसुद्धा त्याच पायाने केली होती. आपण इथले अजून झालोच नाही, इथला पैसा खरा नाही, असं कुठेतरी वाटत असल्याशिवाय माणूस इतका भागाकार करत नाही.

मैत्रिणीने विचारलं, "कोटांचं काय करू?" मी म्हणाले, कुणाला होतील त्यांना दे. थंडी सुरू व्हायला महिना होता. तिने आठवड्याने कळवलं की निळा कोट तिच्या शेजारच्या, त्याच वर्षी नव्याने आलेल्या एका कुटुंबातल्या मुलाला झाला. त्याची आई कोटाची किंमत विचारत होती. मैत्रीण म्हणाली, "मी सांगितलं, पैसे नकोत. तर ती मनातल्या मनात काहीतरी गुणत होती असं वाटलं." मला त्या अनोळखी बाईची इतकी जवळीक वाटली की बराच वेळ काही बोलता आलं नाही.

डिसेंबरात जुनी वही संपली. नव्या वहीचं पहिलं पान उघडून मुलगी पट्टी घेऊन बसली. मुलगा शेजारी पेन्सिलीला टोक करत होता. तिने एक रेघ मारली, दुसरी मारली, तिसरी मारली, मग पट्टी उचलून बाजूला ठेवली आणि वर नावं लिहायला घेतली. घर. मुलं. आजी-आजोबा. एकदाच.